के अक्षराचा पाय

येणारी प्रत्येक बाई मला एकच विचारते. शेवटी काही बोलले का? काय सांगू त्यांना. तुम्ही शेवटचं बोललात ते एवढंच, "हलिमे, चहा गार झालाय." मी कप उचलला, आत जाऊन स्टोव्ह पेटवला, चहा उकळला, बाहेर आले तर तुम्ही खुर्चीतच होता आणि नव्हता. त्या बायकांना काहीतरी मोठं ऐकायचं असतं. मी म्हणते, कलमा पढले. अल्ला मला माफ करील. तुम्ही मात्र हसला असता.

चाळीस दिवस होऊन गेले. शारजात उन्हाळा सुरू झाला आहे. बाजारातल्या अत्तरवाल्याची पाटी तुम्ही अर्धी ठेवून गेलात. त्याने ती तशीच लावली आहे. दुसऱ्या पेंटरकडून पुरी करून घेत नाही म्हणतो. मी तिकडून जाते तेव्हा मान खाली घालते, पण दोन पावलं गेल्यावर मागे वळून बघतेच.

तुमच्याशी माझं बोलणं राहिलं आहे. चोवीस वर्षांच्या संसारात आपण भांडलो असू तेवढं कोणी भांडलं नसेल, पण एक भांडण अर्धं राहिलं आणि एक वाक्य मला परत घ्यायचं होतं. तोंडाने घेता आलं नाही, म्हणून लिहिते. माझ्या बापाने मला मराठी सातवीपर्यंत शिकवलं ते कशाला, असं सगळं दाभोळ विचारायचं. आज उपयोगी पडतंय.

बेनेट साहेब आपल्या घरी पहिल्यांदा आला तो शुक्रवार मला आठवतो. तुम्ही विमानतळावर रंगकाम करत होता. आगीच्या बंबांवर अक्षरं, टाक्यांवर "सिगारेट ओढू नये", असलं सगळं. हा तिथला अधिकारी, उंच, लाल मानेचा, लढाईच्या शेवटी हिंदुस्थानात राहून आलेला, म्हणून पलटणीतली हिंदुस्थानी बोलायचा. दारात वाकून आत आला आणि मला म्हणाला, "सलाम मेमसाब, आपका आदमी बहुत बडा आदमी हाय." मला वाटलं, तुमच्या हातून काही मोडलं असणार.

मोडलं नव्हतं. त्याला जुन्या लढाऊ विमानांचा नाद होता. लढाईतल्या एकेका विमानाचा फोटो मिळवायचा आणि त्याच्या अंगावरच्या खुणांवरून ते कोणतं, कुठल्या तुकडीचं, कोण चालवायचं, पुढे त्याचं काय झालं, हे शोधून एका जाड रजिस्टरात मांडायचं. सुटीचे सगळे दिवस त्याचे त्यात जात. त्या दिवशी त्याने तुम्हाला एक फोटो दाखवला होता, आणि तुम्ही म्हणाला होता, "हे अक्षर माझं आहे, साहेब."

लग्नाआधी तुम्ही दाभोळात गलबतांवर नावं रंगवायचात हे मला माहीत होतं. लढाईत विमानदळात रंगारी म्हणून भरती झालात, ब्रह्मदेशाच्या हद्दीवर एका धावपट्टीपाशी तंबूत राहिलात, हेही माहीत होतं. पण तुमच्या ट्रंकेत तळाशी कापडात गुंडाळलेली वही होती हे मला त्या शुक्रवारी कळलं. एवढ्या वर्षांत ती ट्रंक मी कितीदा उन्हाला घातली असेल! तुम्ही वही काढलीत आणि बेनेट साहेबाने ती अशी हातात घेतली, जसं तान्हं मूल घ्यावं.

मग दर शुक्रवारी नमाजनंतर तो यायचा. मी चहा ठेवायची आणि पडद्याआड बसून ऐकायची. हळूहळू मलाही सगळं समजायला लागलं. प्रत्येक हरिकेन विमानाच्या कुशीवर एक मोठं अक्षर असायचं, ते तुम्ही काढायचात. शेपटाजवळ एक बारीक नंबर असायचा, तो कारखान्यातून यायचा. विमान गेलं की नंबर त्याच्याबरोबर जायचा. अक्षर मात्र नव्या आलेल्या विमानावर पुन्हा काढायचं. म्हणून एकाच तुकडीत एकामागून एक तीन "के" होऊन गेले, आणि नुसता फोटो बघून कोणी म्हणालं की हे के, तर तुम्ही विचारायचात, "कुठलं के?" बेनेट साहेब मांडीवर थाप मारायचा. "बिलकुल! सब लोग बोलता, हरिकेन, हरिकेन. कौनसा हरिकेन? यही तो सवाल हाय!"

अक्षराच्या पायाची जाडी बघून तुम्ही सांगायचात की हे काम तुमचं की तुमच्या आधीच्या रंगाऱ्याचं. विमानावरच्या गोल खुणेतला मधला लाल ठिपका जपान्यांच्या सूर्यासारखा दिसतो म्हणून तो बुजवायचा हुकूम कसा आला, तुम्ही आठवडाभर लाल बुजवत कसे हिंडलात, ते सांगताना तुमचे हात हवेत गोल फिरायचे. मी तुम्हाला इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. मला थोडा राग यायचा. माझ्याशी तुम्ही मीठ आणि मासे याच्या पलीकडे काय बोलायचात?

त्या शोधातून पत्रं जायला लागली. बेनेट साहेब टाइप करायचा. विलायतेत कोणाची म्हातारी आई, कोणाची विधवा, त्यांना कळवायचं की फोटोत तुमचा मुलगा ज्या विमानापाशी उभा आहे ते अमुक, आणि ते रंगवणारा माणूस सांगतो की तुमचा मुलगा चहात दूध घेत नसे. उत्तरं यायची. एकीने वाळलेलं फूल पाठवलं. तुम्ही ते वहीत ठेवलंत.

आणि मग एका शुक्रवारी तो दुसऱ्या "के"च्या पानावर आला, आणि तुम्ही वही मिटलीत.

"यह पन्ना रहने दो, साहेब."

तो गेल्यावर मी विचारलं. तुम्ही म्हणालात, काही नाही. मी पुन्हा विचारलं. तुम्हाला माहीत आहे मी कशी विचारते. चौथ्या दिवशी, भाकरी खाता खाता, ताटाकडे बघत तुम्ही सांगितलंत.

त्या "के"चा पायलट पेठे नावाचा होता, गुहागरचा. खाडीच्या आपल्या काठावर तुमचं दाभोळ, तरीच्या होडीने पलीकडे उतरून पुढे गेलं की त्याचं गाव. हजार मैलांवर दोघं भेटलात आणि पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "अरे, तू दाभोळचा? मग तरीवाल्याच्या तंगडीला कुत्रं चावलं होतं ते तुला माहीत असेल!" बाविशीतला अधिकारी आणि एक रंगारी, पण चारचौघांत नसाल तेव्हा गाववाल्यासारखे बोलायचात. त्याला धाकटी बहीण होती, कुसुम. तिचं नाव त्याने तुमच्याकडून विमानात चढायच्या जागेजवळ लिहून घेतलं, बारीक, देवनागरीत. मोठ्या गोऱ्या साहेबाने विचारलं, हे काय? तर पेठे ताठ उभा राहून म्हणाला, "सर, सूचना आहे. इथे पाय ठेवू नये." साहेब म्हणाला, फार चांगलं.

तुम्ही इथपर्यंत हसत सांगितलंत. मग हसू गेलं.

एका संध्याकाळी तुम्हाला के अक्षराचा खालचा पाय वाकडा वाटला. कोणी तक्रार केली नव्हती. कोणाला दिसलाही नसता. तुम्ही तो खरवडलात आणि पुन्हा रंगवलात. सकाळी पेठे आला, हात लावणार तोच तुम्ही ओरडलात, ओला आहे! तो म्हणाला, "बरं बाबा, तुझं चित्र नको बिघडवायला. मी आज टी नेतो." टी अक्षराचं विमान घेऊन तो गेला, आणि टी परत आलं नाही. डोंगरात कुठे पडलं, तेही कोणाला कळलं नाही.

"पायाला जरा बाक होता, हलिमे," तुम्ही म्हणालात. "एवढासाच."

वीस वर्षांवर तुम्ही ते पोटात घेऊन हिंडलात. पाट्या रंगवताना तुम्ही अक्षराचा पाय कधी दुसऱ्यांदा दुरुस्त करत नसा, एकदा पडला तो पडला. मला तो आळस वाटायचा.

तेव्हा मी तुमच्याजवळ बसायला हवं होतं. त्याऐवजी मी विचारलं, "त्याच्या आईला कळवलंत?"

"सरकारने कळवलं. बेपत्ता म्हणून."

"तुम्ही?"

"मी काय कळवणार?"

मला कुठून राग आला कोण जाणे. विलायतेच्या बायकांना पत्रं चालली आहेत, आणि खाडीपलीकडची बाई वीस वर्षं दारात बघत बसली असेल. मी ते सगळं बोलले, शेजारी ऐकतील इतक्या मोठ्याने. तुम्ही म्हणालात, "लिहू काय? तुमचा मुलगा माझ्या हौसेपायी गेला, असं?"

आणि मी म्हणाले, "हो. तेच लिहा."

हे ते वाक्य. मी परत घेते. आज घेते, उशिरा घेते, पण घेते. तुम्ही ताट सरकवून उठलात, आणि दोन दिवस आपण बोललो नाही. मला "लिहा" हा शब्द म्हणायचा होता. "तेच" हा शब्द म्हणायचा नव्हता. तुमच्या हौसेपायी कोणी गेलं असं मला त्या क्षणीसुद्धा वाटलं नव्हतं, अल्लाशपथ. पण राग असला की माणूस हाताला लागेल ते फेकतो.

तुम्ही पत्र लिहिलं नाहीत. मात्र पुढच्या शुक्रवारी तुम्ही स्वतः ते पान बेनेट साहेबापुढे उघडलंत आणि सगळं सांगितलंत, त्या वाकड्या पायासकट. त्याने रजिस्टर मिटलं. मग म्हणाला, "होडेकर, हम मालूम करेगा. उस दिन का कागज कहीं तो होगा."

कागद नव्हता. लंडनहून उत्तर आलं की त्या तुकडीचं त्या महिन्याचं दप्तर पावसात गेलं. पण तुकडीचा जुना इंजिनिअर साहेब हयात निघाला. त्याने के विमानाच्या फिटरचा पत्ता दिला, गुरबचन म्हणून, पंजाबातला. तुम्ही त्याला उर्दूत लिहिलंत. त्या पत्राच्या उत्तराची वाट तुम्ही कशी बघितलीत ते मी पाहत होते. रोज विमानतळावरून येताना टपालाकडून यायचात, आणि दारातून माझ्याकडे न बघता आत जायचात. त्यावरून मला कळायचं, आज नाही.

ते आलं तेव्हा तुम्ही उभ्यानेच वाचलंत. मग माझ्या हातात दिलंत. गुरबचनचं अक्षर मोठं होतं, मदरशातल्या उर्दूवर मला सहज लागलं. त्याने लिहिलं होतं, उस्मानभाई, के त्या दिवशी उडणारच नव्हतं. पहाटेपासून त्याच्या इंजिनाची पाण्याची नळी गळत होती. उडायला ठीक आहे अशी सही द्यायला मी नकार दिला आणि पेठे साहेबांना चहाच्या आधीच सांगितलं की आज टी घ्या. ते हसले आणि म्हणाले, रंगाऱ्याने रात्रंदिवस खपून अक्षर काढलंय, त्याला सांगतो की तुझ्यासाठी सोडलं, खूश होईल बिचारा.

मी वर बघितलं. तुम्ही भिंतीला पाठ लावून खाली बसला होता.

"खोटारडा," तुम्ही म्हणालात. "मेला खोटारडा." आणि हसलात, आणि मग ते हसू रडण्यात कधी गेलं ते तुम्हालाही कळलं नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा तुमचं डोकं माझ्या मांडीवर घेतलं. पोटातली ती गोष्ट वीस वर्षांची होती, आणि ती कोणाच्या तरी मायेच्या थट्टेतून जन्मली होती. तुम्हाला बरं वाटावं म्हणून तो पोरगा खोटं बोलून गेला.

त्यानंतर तुम्ही स्वतःहून म्हणालात, "या सुटीत गुहागरला जाऊ, इन्शाल्ला." मी काही बोलले नाही. बोलले असते तर कदाचित बिनसलं असतं.

बोटीने मुंबई, तिथून किनाऱ्याच्या बोटीने दाभोळ. दुसऱ्या दिवशी तरीतून पलीकडे गेलो. तुम्ही पांढरा सदरा घातला होता आणि दर दहा पावलांवर थांबत होता. पेठ्यांचं घर विचारत विचारत गेलो. शाळेतून नुकतीच आलेली एक बाई ओट्यावर चपला काढत होती. चाळिशीला टेकलेली, कानाजवळ पांढरे केस. तुम्ही विचारलंत, "कुसुमताई?"

तिने आपल्याला बसवलं. पाणी दिलं. तुम्ही आईंना भेटायचं म्हणालात, तेव्हा ती म्हणाली, "आई गेली. आठ महिने झाले."

मी मनात महिने मोजले. तुम्हीही मोजत होता, मला दिसत होतं. मी "लिहा" म्हणाले त्याला तेरा महिने झाले होते, म्हणजे तेव्हा आईंचे पाच महिने बाकी होते.

मग तुम्ही सांगितलंत. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत होती. तरीवाल्याला कुत्रं चावल्याच्या गोष्टीला ती हसली. तिच्या नावापाशी आलात तेव्हा तिने थांबवलं.

"माझं नाव? विमानावर?"

"हो."

"केवढं होतं?"

तुम्ही दोन बोटं आडवी धरून दाखवलीत. "पिवळ्यात हवं होतं त्यांना. पिवळा संपला होता. पांढऱ्यात लिहिलं."

"आई म्हणायची, तो तिकडे अगदी एकटा गेला. म्हणजे एकटा नव्हता तर."

इथे तुम्ही गप्प बसू शकला असता. मी तर मनात म्हणत होते, गप्प बसा. पण तुम्ही म्हणालात, "खोटं बोलत नाही, ताई. त्या दिवशी ते ज्या विमानातून गेले त्यावर नाव नव्हतं. नाव होतं ते विमान धावपट्टीवर उभं होतं."

ती अंगणाकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "मग त्या विमानाचं काय झालं?"

"ते त्या पावसाळ्यापर्यंत उडत होतं. दुसरे पायलट आले, देवनागरी न येणारे. नाव पुसायला सांगितलं होतं, मी पुसलं नाही. त्यांना वाटायचं, खरंच सूचना आहे. त्या जागेवर कोणी पाय ठेवला नाही, ताई. शेवटपर्यंत कोणी नाही ठेवला."

आता ती रडली. पदर तोंडाला लावून, पोरीसारखी. मी उठून तिच्याजवळ बसले. निघताना तिने माझ्या ओटीत नारळ घातला आणि तुम्हाला म्हणाली, "दादा, पुन्हा याल तेव्हा थेट घरीच या, विचारत नका येऊ." तिने तुम्हाला दादा म्हटलं तेव्हा तुमचा चेहरा मी पाहिला. माझ्याकडे तो आहे. तो कोणाला देणार नाही.

परतीच्या तरीत आपण शेजारी बसलो. तुम्हाला वाटलं असेल, हलिमा आता म्हणणार, मी सांगत होते. मी म्हणणार नव्हते. तुम्हाला ते कळलं होतं का? पाच महिन्यांची ती गोष्ट आपल्या दोघांमध्ये बसून होती, आणि मी तुमचा हात धरला तो तरीला हेलकावा बसला म्हणून, असं तुम्हाला वाटू दिलं. हेलकावा बसला नव्हता.

शारजाला आल्यावर आपलं शेवटचं भांडण सुरू झालं, ते हे वहीचं. बेनेट साहेबाची बदली झाली आहे, त्याला वही विलायतेला न्यायची होती, तिथे नीट जपतील म्हणाला. तुम्ही म्हणालात, देऊन टाकू. मी म्हणाले, मुळीच नाही, आपल्या घरची वस्तू आहे. तुम्ही म्हणालात, त्यात आहेत ती सगळी दुसऱ्यांच्या घरची माणसं आहेत. मी म्हणाले, अक्षर कोणाचं आहे? तुम्ही म्हणालात, बघू. त्या "बघू"वर तुम्ही पुन्हा गरम चहा मागितलात.

काल शुक्रवार होता. बेनेट साहेब आला, हातात टोपी, रजिस्टर काखेत. वहीचा विषय त्याने काढला नाही. मीच वही आणून समोर ठेवली आणि म्हणाले, वही यहीं रहेगी साहेब, लेकिन जो चाहिए लिख लो. तुमच्या कडेच्या नोंदी मराठीत आहेत, त्या त्याला वाचता येत नाहीत. मग मी वाचत गेले आणि तो लिहीत गेला. अमुक पायलट चढताना शिट्टी वाजवतो. अमुक याला आज मुलगा झाल्याची तार. अमुक याचे बूट मोठे आहेत, आत कागद घालतो. तुम्ही रंगाचा डबा घेऊन खाली उभे राहून हे सगळं बघत होता, आणि मला वाटायचं तुम्हाला माणसांत लक्ष नाही.

तीन के झाले. मी रजिस्टरात डोकावले. अक्षर, नंबर, पायलट, पुढे काय झालं. चार खाने.

मी म्हणाले, "पेंटर का नाम कहाँ हाय?"

तो गोंधळला. "मेमसाब, पेंटर का खाना नहीं हाय."

"तो खाना बनाओ."

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला, बहुतेक त्याला वाटलं मी जेवायचं म्हणते आहे. मग समजला. हसला नाही. खिशातून पट्टी काढली आणि पहिल्या पानापासून उजवीकडे एकेक रेघ मारत गेला. सगळी पानं झाल्यावर वर नाव लिहिलं आणि मला विचारून पहिल्या ओळीत भरलं, उस्मान होडेकर, दाभोळ. खालच्या ओळीवर पेन टेकवून त्याने विचारलं, "नीचे सब में वही निशान लगा दूँ? दो छोटा टिपका? ऊपर जैसा, ऊपर जैसा?"

मी म्हणाले, नाही. हर एक में पूरा लिखो.

त्याने मान हलवली आणि लिहायला बसला. मी चहा करून आणला, तो त्याने गरम असतानाच घेतला. ऊन कललं, असरची अजान झाली तेव्हा तो अजून लिहीत होता.